झांकली मूठ

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, तालुक्याच्या दिवाणी कचेरींत नकला करणारे कारकून होते. छायाप्रती काढण्याचीं यंत्रें गांवोगांव झालीं नव्हतीं तेव्हांची ही गोष्ट. निकालपत्र असो, खरेदीखत असो, त्याची नक्कल हातानेंच उतरवावी लागे आणि शेवटीं ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा पडे. आजोबांना त्या शेऱ्याचा मोठा अभिमान. अस्सलांत एखादी चूक असली तर तीहि जशीच्या तशी उतरवावयाची, मक्षिकास्थानीं मक्षिका, हा त्यांचा धर्म. सुटींत आम्ही आजोळीं गेलों कीं ते आमच्याकडून कित्ता गिरवून घेत. एकच शब्द लागोपाठ पुष्कळदां आला कीं तेथें नजर घसरते आणि नक्कल अस्सलाहून लांब होते, असें ते नेहमीं बजावीत. ह्या बोलण्याचा आमच्याच रक्तामांसाशीं कांहीं संबंध असेल, हें तेव्हां कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

आजोबांना १९७१ सालीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु झाला. गांवापासून चार कोसांवर मिशनचा दवाखाना होता. तेथें शस्त्रक्रिया झाली व जाड भिंगांचा चष्मा आला. नकला करकरून डोळे गेले, असें कचेरींतले लोक म्हणत. डोक्यावरचे केंस लौकर गेले होते, पापण्या किंचित् मिटलेल्या असत, आणि दुपारीं मेजाशीं बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागे; त्यावरून साहेबांचीं बोलणींहि त्यांनीं खाल्लीं. ह्याहून अधिक कांहीं नाहीं. ६८ व्या वर्षीं वर्तमानपत्र वाचतां वाचतां ते खुर्चींतच गेले. चांगलें मरण आलें, असें सारे म्हणाले.

आईची गोष्ट निराळी. तिशीच्या सुमारास तिची मूठ अडकूं लागली. थंडीच्या दिवसांत पहाटे बंबांतलें पाणी घ्यावयास तिनें तांब्या धरला, कीं तो खालीं ठेवतांना बोटें सुटत नसत. ‘सोड ग बाई,’ असें ती आपल्याच हाताला म्हणे आणि डाव्या हातानें उजव्या हाताचीं बोटें एक एक करून उलगडी. चार-सहा वेळां मूठ मिटून उघडली कीं हात मोकळा होई आणि मग दिवसभर विशेष कांहीं जाणवत नसे. आम्हां मुलांना तो आईच्या हाताचा स्वभावच वाटे. कोणाच्या आईला पित्त असतें, कोणाची आई झोंपेंत घोरते, तशी आमच्या आईची मूठ.

ताईच्या बाबतींत हें सोळाव्या वर्षींच दिसलें. शेजारच्या घरीं मंगळागौर होती. ताई फुगडींत पटाईत. त्या रात्रीं फुगडी थांबली तरी तिच्या हातांतून समोरच्या मुलीचे हात सुटेनात. ती मुलगी रडकुंडीला आली, बायका पोट धरून हंसल्या, ‘काय ग ही पोलादी पकड!’ म्हणाल्या. ताईहि हंसली. आई मात्र हंसली नाहीं. घरीं येतांना तिनें ताईला एवढेंच सांगितलें, ‘आतां फुगडी पुरे. आणि कोणाजवळ बोलूं नकोस.’

झांकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्याकडे म्हण आहे. उपवर मुलगी घरांत असली कीं ही म्हण घराचा कायदा होऊन बसते. आईनें स्वतःची मूठ अशीच झांकून ठेविली होती. आजोबांचा मोतीबिंदु आजीनें बोलण्याबोलण्यांत पन्नाशीनंतरचा करून टाकला होता. आणि मामांच्या मिटूं पाहणाऱ्या पापण्यांविषयीं कोणी चकार शब्द काढीत नसे. मी कोणाला दोष देत नाहीं. लपविण्यासारखें कांहीं आहे एवढें त्यांना कळलें होतें, परंतु काय आहे तें कळलें नव्हतें. २००२ सालीं ताईचें लग्न झालें. स्थळ चांगलें मिळालें.

२००४ च्या डिसेंबरांत तिला मुलगा झाला. दिवस भरत आले तेव्हां गर्भाभोंवतींचें पाणी फार वाढलें होतें व बाळाची हालचाल मंद होती. मूल जन्मलें तें रडलेंच नाहीं. अंग ओल्या कपड्यासारखें लुळें, पाय आंत वळलेले, वरचा ओंठ मध्यें उचललेला, जणूं तंबूचें दार. त्याला दूध ओढतां येईना, श्वासहि यंत्रावर. जन्मतांना गुदमरलें असेल, असें तेथील एका डॉक्टरांनीं सांगितलें, आणि आमचा सर्वांचा राग बाळंतपण करणाऱ्यांवर गेला. चौथ्या दिवशीं शहरांतून एक वयस्क डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीं बाळाला तपासलें, आणि मग जें केलें त्याचें आम्हांला नवलच वाटलें. त्या ताईच्या खाटेपाशीं गेल्या व म्हणाल्या, ‘मुली, मूठ घट्ट मिट. आतां चटकन उघड.’

डिसेंबरची सकाळ होती. ताईचीं बोटें उघडेनात. तिनें आईकडे पाहिलें. डॉक्टरीणबाईंनीं ती नजर ओळखली आणि त्या आईकडे वळल्या. ‘आतां तुम्ही, आजी.’

आईनें हात पदराखालीं घेतला. क्षणभर तो तसाच राहिला. मग कांहींएक न बोलतां तिनें तो बाहेर काढला आणि मूठ मिटली. वीस वर्षें सांभाळलेली मूठ तिनें परक्या बाईपुढें धरली, आणि ती उघडेपर्यंत आम्ही सारे पाहात उभे राहिलों.

‘तुमच्या आईवडिलांपैकीं कोणाला कमी वयांत मोतीबिंदु झाला होता काय?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न. आम्ही थक्क झालों. बाळाच्या श्वासाशीं आजोबांच्या मोतीबिंदूचा काय संबंध?

संबंध होता, आणि तो समजून घेण्यांत माझीं पुढचीं कैक वर्षें गेलीं. ह्या शाळेंत विद्यार्थी असतांना मीं वार्षिकासाठीं ‘माझा आवडता पक्षी’ ह्या विषयावर लिहिलें होतें. ह्या वर्षीं संपादकबाईंनीं जुना विद्यार्थी म्हणून पुन्हा कांहीं मागितलें, तेव्हां दुसरा विषय मनांत येईना. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना मेंडेलचे वाटाणे परिचित असतीलच. वाटाणा हिरवा तरी असतो किंवा पिवळा तरी. आजोबांचा हिरवेपणा नातवांत उतरला तर तो तेवढाच हिरवा उतरतो. आमच्या घरांत जें उतरलें तें वाटाण्याच्या रंगासारखें नव्हतें. तें येतांना वाढत आलें.

ह्या रोगाचें नांव मायोटोनिक डिस्ट्रॉफी. स्नायु आंवळला जातो पण लौकर सैल होत नाहीं, आणि पुढें क्षीण होत जातो, असा त्या नांवाचा भाव आहे. १९०९ सालीं जर्मनींत हान्स श्टाइनर्ट यांनीं आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत बॅटन व गिब यांनीं त्याचें वर्णन केलें. त्याचें मूळ समजावयास मात्र १९९२ साल उजाडावें लागलें.

आपल्या शरीरांतील पेशींत जी आनुवंशिक पोथी असते तिची लिपि चारच अक्षरांची. १९ व्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या शेवटीं, प्रथिन घडविणारा मजकूर संपल्यानंतरच्या कोऱ्या समासांत म्हणा ना, ‘सी टी जी’ हीं तीन अक्षरें लागोपाठ पुन्हा पुन्हा लिहिलेलीं असतात. तीं सर्वांच्याच पोथींत आहेत. कोणाच्या पोथींत ५ वेळां, कोणाच्या १३ वेळां, कोणाच्या ३० वेळां. ३४ पर्यंत असलीं तर कांहीं बिघडत नाहीं. ५० वर गेलीं कीं रोग. दीडशेंच्या आंत असलीं तर पुष्कळदां मोतीबिंदूवरच निभावतें. कांहीं शें असलीं तर भर तारुण्यांत मूठ अडकूं लागते. हजाराच्या पुढें गेलीं म्हणजे बहुधा मूल जन्मतःच लुळें असतें. मुंबईस पाठविलेल्या रक्ताचा निकाल आला तेव्हां आई, ताई आणि बाळ अशी ती चढती भाजणी कागदावर होती. आजोबांचा आंकडा अर्थात् अंदाजानेंच धरावयाचा. पण भाजणीची पहिली पायरी त्यांचीच.

अशी वाढ कां व्हावी? आजी रोज देवापुढें बसून वहींत रामनाम लिही. पानभर तेंच नांव. मध्यें कोणीं हांक मारली कीं एखादी ओळ दुसऱ्यांदां लिहिली जाई आणि तिला तें कळतहि नसे, कारण मागचा-पुढचा मजकूर सारखाच. निरनिराळ्या शब्दांच्या मजकुरांत अशी चूक चटकन डोळ्यांत भरली असती. पेशींत नक्कल होतांना असेंच कांहीं घडतें. सारख्या अक्षरांचा धागा जागेवरून घसरतो, त्याला एक फांस पडतो, आणि दुरुस्ती करणारी यंत्रणा तो फांस सोडविण्याऐवजीं त्यालाच अस्सल मजकूर समजून बसते. पुनरावृत्ति थोड्या असल्या तर ही घसरण सहसा होत नाहीं. जितक्या अधिक, तितकी घसरण अधिक. म्हणजे झालेली चूक पुढच्या चुकीसाठीं जागा करून ठेविते. क्वचित् संख्या घटतेहि, परंतु बहुधा ती वाढते. इतकेंच नव्हे, एकाच माणसाच्या शरीरांतहि ती वयाबरोबर वाढत राहते. आजोबांनीं कित्ता गिरवितांना दिलेली सूचना ह्याहून निराळी नव्हती.

आणि समासांतल्या ह्या पुनरुक्तीनें एवढा अनर्थ कां? प्रथिनाचा मजकूर तर शाबूत आहे! ह्याचें उत्तर मला सर्वांत विलक्षण वाटलें. जनुकावरून पेशींत जी कामचलाऊ नक्कल काढतात तिला आरएनए म्हणतात. तीहि लांबलचक होते, आणि तिच्या त्या शेपटाला कांहीं प्रथिनें चिकटून बसतात. हीं प्रथिनें म्हणजे पेशींतील संपादक. दुसऱ्या जनुकांच्या नकलांची कांटछांट करून त्या कामाजोग्या करणें हा त्यांचा उद्योग. ते एकाच कागदाशीं अडकून पडले कीं बाकीचे कागद बालपणींच्या कच्च्या मसुद्याप्रमाणेंच बाहेर पडतात. स्नायूला सैल होण्यास क्लोराइडचा जो मार्ग लागतो तो ह्यामुळें नीट तयार होत नाहीं, म्हणून मूठ उघडत नाहीं. हृदय, डोळे, आंतडीं, मेंदु, सगळीकडे थोडाथोडा असाच घोटाळा होतो.

पिढीगणिक रोग लौकर येतो व जोरानें येतो, हें लोकांच्या ध्यानांत फार पूर्वींच आलें होतें. १९१८ सालीं ब्रूनो फ्लायशर ह्या जर्मन नेत्रवैद्यानें ह्या रोगाचीं कुळें शोधीत मागें मागें जाऊन पाहिलें, तों वरच्या पिढ्यांत त्याला नुसता मोतीबिंदु आढळला. आमच्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न त्याच वाटेनें आला होता. परंतु ह्या निरीक्षणाला वाईट सोबत मिळाली. घराणीं पिढ्यान्‌पिढ्या निकस होत जातात, तेव्हां दुबळ्यांची वीणच थांबविली पाहिजे, असें म्हणणाऱ्या लोकांनीं त्याचा आधार घेतला. १९३३ सालीं जर्मनींत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला, त्याच्या यादींत हंटिंग्टनचा रोग नांवानिशीं होता. अशाच पुनरावृत्तीपासून होणारा तो दुसरा एक रोग.

लंडनचे लायोनेल पेनरोझ ह्यांना असल्या शास्त्राचा तिटकारा होता. १९४८ सालीं त्यांनीं ह्याच मायोटोनिक रोगाच्या कुळांचे आंकडे घेऊन प्रतिपादन केलें कीं, पिढीगणिक रोग लौकर येतो हा केवळ भास आहे. त्यांचा युक्तिवाद असा. ज्यांना रोग लहानपणींच जोराचा होतो त्यांना बहुधा मुलें होत नाहींत. म्हणून आपणांस जे आईबाप दिसतात ते निवडक, सौम्य रोगाचेच. उलट मुलाचा रोग जोराचा असला म्हणजेच तें घराणें डॉक्टरांच्या नजरेस येतें. शिवाय ज्या मुलांना रोग आईबापांहून उशिरां व्हावयाचा, त्यांना पाहणीच्या वेळीं तो झालेलाच नसतो. मग तीं गणतींत येणार कशीं? युक्तिवाद इतका चोख कीं, पुढें सुमारें चाळीस वर्षें बहुतेक विद्वानांनीं तो मानला. जनुक एका पिढींतून दुसरींत जातांना असें पायरीपायरीनें वाढेल, ही कल्पनाच कोणास करवेना. घरोघरच्या आया मात्र डॉक्टरांना सांगत असतीलच, ‘माझ्याहून मुलीला लौकर झालें.’ १९८९ सालीं हॉलंडमधील संशोधकांनीं पेनरोझ ह्यांचे आक्षेप ध्यानांत ठेवून पुन्हा कुळें तपासलीं, तेव्हां तो भास नसल्याचें दिसून आलें. आणि १९९२ सालीं जनुक सांपडून वाढत्या पुनरावृत्ति मोजतांच येऊं लागल्या. पेनरोझ १९७२ सालींच वारले होते.

पेनरोझ चुकले ह्याचा मला आनंद होत नाहीं. ज्या नियतकालिकांत त्यांचा तो लेख आला, त्याच्या नांवांतील ‘युजेनिक्स’ हा शब्द स्वतः संपादक असतांना १९५४ सालीं त्यांनींच काढून टाकला. त्या माणसाला दुबळ्यांची कणव होती. तरीहि मनांत येतें कीं, आमच्या आईसारख्या बायकांचें बोलणें कोणीं खरें धरलें असतें, तर तो प्रश्न ताईच्या बाळंतपणाआधीं विचारला गेला असता काय?

१९९१ पासून अशा पुनरावृत्तीचे रोग एकामागून एक उघडकीस आले आहेत. उत्तर भारतांत अगरवाल समाजांतील कांहीं घराण्यांत प्रौढपणीं हातांना कंप सुटतो, तो असाच. हंटिंग्टनच्या रोगाचें जनुक १९९३ सालीं सांपडलें. तेथें पुनरावृत्तीचीं अक्षरें निराळीं आहेत आणि वाढ विशेषेंकरून बापाकडून येतांना होते. आमच्या रोगांत जन्मतः लुळेपणा येतो तो जवळजवळ नेहमीं आईकडून. ज्यांचें नांव त्या दुसऱ्या रोगाला मिळालें त्या जॉर्ज हंटिंग्टन ह्यांनीं १८७२ सालीं, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षीं, त्याचें अचूक वर्णन केलें. अमेरिकेंतील लाँग आयलंडवर त्यांचे आजोबा आणि वडील दोघेहि डॉक्टर होते आणि तींच तीं कुळें त्यांच्या पाहण्यांत होतीं, म्हणून हें साधलें. तीन पिढ्यांचें पाहणें एका मेजावर! आमच्याकडे तीन पिढ्यांचीं दुखणीं होतीं, नोंद एकाचीहि नव्हती.

निकाल घरीं आला त्या दिवशीं शास्त्र कोणाला हवें होतें? ताईच्या सासूबाई म्हणाल्या, ‘खाण तशी माती.’ आजी म्हणाली, मागल्या जन्मींचें कांहीं असेल. आई ताईपुढें हात जोडून ‘मला ठाऊक असतें तर’ एवढेंच म्हणाली आणि वाक्य तेथेंच राहिलें. मला आपल्या शाळेंतला शास्त्रपाठाचा एक तास आठवला. जन्मांधाची गोष्ट होती. हा असा जन्मला तो कोणाच्या पापामुळें, ह्याच्या स्वतःच्या कीं आईबापांच्या, असें शिष्य विचारतात, आणि येशु सांगतो कीं दोघांच्याहि नव्हे. मी हिंदु घरांतला मुलगा. परीक्षेपुरती ती गोष्ट पाठ केली होती. त्या संध्याकाळीं ती मीं आजीला सांगितली. तिनें नीट ऐकून घेतली व विचारलें, ‘मग पुढें त्याला दिसूं लागलें का रे?’

‘लागलें,’ मी म्हणालों.

‘मग आपल्या बाळाचें काय?’

ह्यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

बाळ वांचलें. कांहीं आठवड्यांनीं श्वासाचें यंत्र निघालें, चौथ्या वर्षीं तो पाऊल टाकूं लागला. आज माझ्या भाच्यानें विशी ओलांडली आहे. शिकणें त्याला फारसें जमलें नाहीं. चेहऱ्याचे स्नायु दुबळे असल्यामुळें हंसूं त्याच्या तोंडावर उमटत नाहीं. परका मनुष्य म्हणतो, हा मुलगा नेहमीं रुसलेला. आम्हांला ठाऊक आहे कीं, आनंद झाला म्हणजे तो उजव्या पायाचा अंगठा हलवितो. दाजी कामावरून आले कीं आधीं त्याच्या पायाकडे पाहतात. दुसरें मूल होऊं द्यावयाचें नाहीं, असें ताईनें व दाजींनीं मिळून ठरविलें, आणि दाजींनीं तें आपल्या आईला स्वतः सांगितलें. त्या दिवसापासून त्या घरांत खाणीमातीची भाषा कोणी काढली नाहीं.

मूठ उघडी पडली, त्याचा पहिला लाभ आईला झाला. ह्या रोगांत हृदयाचे ठोके चालविणारी वाट मंदावते, म्हणून दरवर्षीं हृदयाचा आलेख काढीत जा, असें डॉक्टरीणबाईंनीं बजाविलें होतें. २००९ सालीं त्यांत दोष दिसला आणि आईला पेसमेकर बसविला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना रोगाचें नांव आधींच सांगून ठेविलें होतें. ह्या रोग्यांना नेहमींची भूल जपूनच द्यावी लागते, नाहींतर श्वास अडण्याची भीति असते. आजोबांना खुर्चींत आलें तें चांगलें मरण होतें, असें आतां मला म्हणवत नाहीं. रोग मुळापासून काढणारें औषध अद्याप नाहीं. त्या लांब नकलेचाच नाश करूं पाहणाऱ्या औषधांचे प्रयोग चालूं आहेत, आणि त्यांच्या बातम्या आमच्या घरीं पंचांगाहून अधिक बारकाईनें वाचल्या जातात.

राहिलों मी. आईबापांपैकीं एकाला हा रोग असला कीं प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. छापा कीं कांटा. मीं चार वर्षें रक्त दिलें नाहीं. रोज सकाळीं अंथरुणांतच मूठ मिटून उघडून पाहात असें, आणि ती उघडली तरी मन मिटलेलेंच राही. २००८ सालीं लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं. एका घरीं मीं सारें सांगितलें. त्यांनीं आदरानें ऐकून घेतलें, चहा दिला, आणि आठ दिवसांनीं पत्रिका जुळत नसल्याचें कळविलें. तेव्हां मी मुंबईस गेलों. तीन आठवड्यांनीं कागद आला. त्यावर दोनच आंकडे होते, ५ आणि १३. एक बाबांकडून आलेला, एक आईकडून. आईजवळ पोथीच्या दोन प्रती होत्या, एक लांबलेली आणि एक धड. मला धड मिळाली होती. मीं ताईला फोन केला.

‘किती?’ तिनें विचारलें.

मीं सांगितलें. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाहीं. मग ती म्हणाली, ‘गाढवा, रडतोस काय?’

मामांचें घर मात्र बंदच राहिलें. २००५ सालींच मीं त्यांना पत्र लिहिलें, मग जाऊन भेटलों, कुळाचा नकाशा काढून पुढें ठेविला. मामांनीं तो पाहिला व घडी घालून मला परत दिला. ‘तुमच्या घरीं झालें तें फार वाईट झालें,’ ते म्हणाले, ‘पण मला दोन मुली उजवावयाच्या आहेत. माझी मूठ झांकलेली राहूं दे.’ बोलतांना त्यांच्या पापण्या थेट आजोबांसारख्या खालीं येत होत्या. मामी चहा घेऊन आल्या आणि तो विषय तेथेंच थांबला. पुढें दरवर्षीं दिवाळीस मी त्यांना एकदां आठवण करून देत असें, हृदयाचा आलेख तरी काढा म्हणून. ते ‘बघूं’ म्हणत. मोठीचें लग्न झालें तेव्हां मी पंगतींत वाढायला होतों, आणि मीं कोणाला कांहीं सांगितलें नाहीं. तें योग्य केलें कीं अयोग्य, हें मला आजहि ठरवितां आलेलें नाहीं.

गेल्या पौषांत पहाटे फोन वाजला. धाकटी मामेबहीण होती. ‘दादा, बाबांना इतक्यांत सांगूं नकोस. सकाळीं माझ्या हातांतून बादलीची कडी सुटत नाहीं. लग्न वैशाखांत ठरलें आहे. मीं त्याला सांगितलें. तो म्हणाला, आधीं दोघें डॉक्टरांकडे जाऊं. तूं येशील का रे?’

मीं ताईला फोन करून हें सांगितलें. तिला आतां जिना चढतांना कठडा धरावा लागतो, प्रवास सोसत नाहीं. ‘थांब,’ ती म्हणाली, ‘मीहि येतें. माझी मूठ तिला दाखवितें.’ मुलाला आईपाशीं ठेवून ती स्थानकावर आली, आणि पहिल्या एस्‌. टी. नें आम्ही निघालों.